कॅमेरा घेऊन विमानाने जाताय? आधी हा हिशोब बघा

तुमचा जळगावला किंवा धुळ्याला स्टुडिओ आहे आणि गोव्याच्या लग्नाची ऑर्डर आली. विमानासाठी धुळेकरांनाही जळगाव गाठावं लागतं. पण चार लाखांचं सामान न्यायचं कसं?

देशांतर्गत प्रवासात चेक-इन बॅग हरवली तर विमान कंपनीची जबाबदारी साधारण २०,००० रुपयांपर्यंतच असते. बाकीचं नुकसान तुमचं. आणि लग्न काही पुन्हा लागत नाही! म्हणून तीन गोष्टी पाळा.

१. कॅमेरा, लेन्स, मेमरी कार्ड हातातल्या बॅगेत. ट्रायपॉड, लाइट स्टँड कपड्यांत गुंडाळून चेक-इनला. जळगावला येणारी एटीआर विमानं लहान, डोक्यावरचा कप्पाही लहान. मोठी बॅग विमानाच्या दारातच काढून घेतात. म्हणून बॅग आटोपशीर ठेवा, तिकिटावरची वजनमर्यादा बघा.

२. सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. दारात बॅग घेतली, तर बॅटऱ्या आधी काढून जवळ ठेवा. १०० वॉट-अवरपर्यंत चालतं. १०० ते १६० असेल तर कंपनीची परवानगी लागते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा: १४.८ × ६.६ म्हणजे जवळपास ९८. टोकांना टेप लावा.

३. सामानाचा विमा काढा, सीरियल नंबर लिहून ठेवा. येताना फुटेजच्या दोन कॉपी, दोन वेगळ्या बॅगांत.

विमा आणि जादा सामानाचा खर्च कोटेशनमध्येच धरा. नंतर मागितला तर गिऱ्हाईक नाराज, नाही मागितला तर नफा गेला!