रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेताय? आधी उरलेली वर्षं मोजा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना मॉडेल नंबर आणि आकडे पटापट निघून जातात, आणि या विषयात सगळी गंमत त्या आकड्यांतच आहे.

तर झालं असं. माझी मावशी साताऱ्यात घरातूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, क्लासवाल्यांच्या नोट्स. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. "अरे, सकाळी मशीन चालू करते, चहा टाकते, देवपूजा करते, तरी हे आपलं गोल गोल फिरतंय. तुळशीचं लग्न झालं की माझा सीझन सुरू. काहीतरी कर बाबा."

नव्या ब्रँडेड डेस्कटॉपचा भाव तिला ४२,००० सांगितला होता. तिची तयारी होती वीस हजारांची. शेजारच्या मुलाने रिफर्बिश्ड घ्यायला सुचवलं, तर मावशीचं म्हणणं, "म्हणजे कुणीतरी टाकून दिलेलं भंगारच ना?" तिचा हा प्रश्न रास्त होता. आजचा भाग त्याच्याच उत्तराचा आहे.

आधी दुखणं ओळखा

संगणक हळू झाला म्हणजे तो म्हातारा झालाच असं नाही. टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर बघा. काहीही न करता डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसत असेल, तर बहुतेक वेळा दोष जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्यात एक तबकडी मिनिटाला ७२०० किंवा ५४०० वेळा फिरते आणि एक सुई पुढेमागे सरकत माहिती शोधते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, आणि त्या धावपळीत सुईची दमछाक होते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच काम कितीतरी पटींनी लवकर होतं.

म्हणून पहिला सल्ला खरेदी न करण्याचा. मशीन सहा-सात वर्षांचं असेल आणि बाकी ठणठणीत असेल, तर एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा, दोन-चार वर्षं आरामात निघतील. तारीख सारखी मागे जात असेल आणि त्यामुळे बँकेची साइट उघडत नसेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदला. तो अगदी स्वस्तात मिळतो.

मावशीचं मशीन मात्र २०१२ सालचं होतं. तिसऱ्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली, पण ती तात्पुरती मलमपट्टी. आता मावशीकडे दिवसाला दहा जण पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि त्याच मशीनवर ती नेटबँकिंग करते. अशा ठिकाणी सुरक्षा अपडेट बंद होणं म्हणजे घराला कडी न लावता गावाला जाणं.

रिफर्बिश्ड म्हणजे नक्की काय

मोठ्या कंपन्या, बँका, कॉल सेंटर शेकड्याने संगणक घेतात, बरेचदा तीन ते पाच वर्षांच्या भाड्याच्या करारावर. मुदत संपली की सगळा लॉट परत जातो. तो घाऊक व्यापारी उचलतात, डिस्क पुसतात, आतली धूळ काढतात, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलतात, खराब भाग नवे टाकतात आणि पुन्हा विकतात. निदान हे सगळं करायला हवं. नुसतं फडकं मारून विकलं तर ते साधं सेकंडहँड, मग दुकानाबाहेर पाटी कसलीही असो.

यात ग्राहकाचा फायदा असा, की डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क किंवा एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर ही मशीन ऑफिसात रोज आठ-दहा तास चालण्यासाठीच बनवलेली असतात. झाकण उघडायला बहुतेकांत स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. एकाच मॉडेलची हजारो मशीन बाजारात आल्यामुळे सुटे भागही सहज मिळतात.

'आय सेव्हन'चं गाजर

पुण्यात मी पहिल्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, आय सेव्हन देतो, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, विंडोज ११ मारून देतो. बारा हजार फायनल." ऐकायला काय छान वाटतं ना! मी मॉडेल नंबर बघितला : ३७७०.

इथे थांबा आणि हे लक्षात ठेवा. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन हा झाला दर्जा. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी : ३७७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडी असेल तर पहिले दोन : १०४०० म्हणजे दहावी. ३७७० हा २०१२ सालचा चार कोअरचा प्रोसेसर. आय फाइव्ह ८५०० हा २०१८ चा, सहा कोअरचा. म्हणजे दर्जाने धाकटा असलेला आय फाइव्ह इथे थोरल्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो.

आणि मुख्य मुद्दा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये विंडोज ११ च्या अधिकृत यादीची सुरुवात आठव्या पिढीपासून होते. एएमडीत साधारण रायझन २००० मालिकेपासून. त्याशिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तिसऱ्या पिढीवर दुकानदार पळवाट काढून विंडोज ११ घालतात आणि ते चालतंही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

म्हणजे मावशीने जे मशीन जुनं म्हणून काढायचं, त्याच्याच वयाचं दुसरं मशीन बारा हजार देऊन घरी आणायचं! मी नमस्कार करून बाहेर पडलो.

तेव्हापासून माझं गणित पक्कं झालंय. रिफर्बिश्डमध्ये आपण मशीन घेत नाही, मशीनची उरलेली वर्षं विकत घेतो. मग किंमत भागिले उरलेली वर्षं, एवढाच हिशोब. दुसऱ्या दुकानात आठव्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबीच्या दोन रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असं मशीन १८,५०० ला ठरलं. माझ्या अंदाजाने ते पाच वर्षं काम देईल, म्हणजे वर्षाला ३,७०० रुपये. नवं ४२,००० चं मशीन आठ वर्षं चाललं तरी वर्षाला ५,२५० पडतात. आणि बारा हजारांचं? त्याची सपोर्ट असलेली वर्षं शून्य. शून्याने भागाकार होत नाही, हे शाळेतच शिकलोय आपण.

पेटी कोणती घ्यावी

आपल्याकडे अख्ख्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणतात. ती तीन आकारांत मिळते. मोठा टॉवर : जागा खातो, पण पुढेमागे काहीही जोडता येतं. आडवा-बारका एसएफएफ : ऑफिसात सगळ्यात जास्त हाच असतो, म्हणून बाजारातही हाच मुबलक मिळतो. मात्र त्याचा पॉवर सप्लाय खास मापाचा असतो आणि ग्राफिक्स कार्ड फक्त बुटकं बसतं. तिसरा वहीएवढा मिनी : टेबल मोकळं राहतं, पण त्याला लॅपटॉपची रॅम आणि बाहेरचा ॲडाप्टर लागतो. मावशीला जुनी हार्ड डिस्कही आत जोडायची होती, म्हणून आम्ही एसएफएफ घेतला.

दोन गोष्टी घरी गेल्यावरच कळतात, म्हणून आत्ताच सांगतो. ऑफिसच्या मशीनमध्ये वायफाय बहुतेक वेळा नसतं, वेगळी यूएसबी काडी घ्यावी लागते. आणि मागे बरेचदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतो. तुमचा मॉनिटर जुना व्हीजीएवाला किंवा एचडीएमआयवाला असेल तर कन्व्हर्टर लागणार. ही पिन दुकानातूनच मागून घ्या.

दुकानात बसून काय तपासायचं

घाई करू नका. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवून जा.

१. मशीनवरचा सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. मूळ वॉरंटी कधीची होती ते दिसतं, म्हणजे खरं वय कळतं.

२. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. डिस्क आजवर किती तास चालली ते त्यात दिसतं. आम्हाला "एसएसडी एकदम नवी" सांगितलं होतं, तास निघाले चौदा हजारांवर. दुकानदार जरा ओशाळला, पण समोरच पाकीट फोडून नवी बसवून दिली.

३. मशीन चालू होतानाच बायोसमध्ये शिरून बघा. तिथे पासवर्ड मागितला तर जुन्या कंपनीचं कुलूप अजून तसंच आहे. असं मशीन घेऊ नका.

४. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. डिजिटल लायसन्स असेल तर उत्तम. 'तुमच्या संस्थेच्या सेवेतून ॲक्टिव्हेट' अशा अर्थाची ओळ दिसली तर सावध व्हा. तशी ॲक्टिव्हेशन १८० दिवसांची असते आणि खऱ्या संस्थेच्या सर्व्हरकडून नूतनीकरण झालं नाही तर मावळते.

५. सगळे यूएसबी पोर्ट एकेक करून तपासा. हेडफोन आणि लॅनही. मग यूट्यूब लावून अर्धा तास चालू ठेवा आणि पंख्याचा आवाज ऐका.

बिल म्हणजे अर्धं मशीन

"बिल नको असेल तर थोडं कमी करतो," हे वाक्य ऐकायला मिळेलच. नाही म्हणा. बिलावर सीरियल नंबर, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. या बाजारात 'टेस्टिंग वॉरंटी' नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे घरी नेऊन आठ-पंधरा दिवसांत काय ते बघा, नंतर आमचा संबंध नाही. आम्ही हट्टाने सहा महिने लिहून घेतले.

आणि बरं झालं. एसटीत मांडीवर घेऊन मी ते मशीन साताऱ्याला पोचवलं. बाराव्या दिवशी मावशीचा फोन : आपोआप बंद पडतंय. पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं आणि पार्टी दारात बसलेली! एक रॅम काढून बघायला सांगितली, एका रॅमवर मशीन व्यवस्थित चालू लागलं, त्या दिवसाचं काम निभावलं. खराब रॅम पुढच्या शनिवारी मी दुकानात नेली, बिल दाखवलं, बदलून मिळाली. माझा धडा : वॉरंटी बहुधा 'आणून द्या' अशीच असते. तेव्हा शंभर रुपये स्वस्त म्हणून लांबच्या शहरातून मागवू नका. जिथे स्वतः जाऊन उभं राहता येईल तिथूनच घ्या.

जुन्या फॉन्टचं काय करायचं

मराठी डीटीपीवाल्यांनी हे नीट वाचा. मावशीचं वीस वर्षांचं काम पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या फाइलीत आत खरं तर इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसेल तर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून जुनं मशीन बंद करण्याआधी फॉन्टचं फोल्डर पहिल्यांदा कॉपी करा, फाइली नंतर.

आमची खरी अडचण मात्र डोंगलची निघाली. मावशीच्या टायपिंग सॉफ्टवेअरच्या कुलपाचा ड्रायव्हर ३२ बिटचा, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. जुना ड्रायव्हर त्यावर चालतच नाही. हे मी आधी विचारायला हवं होतं, ते राहून गेलं. शेवटी तोडगा असा काढला : जुनं मशीन इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवलं, फक्त जुन्या फाइली उघडायला. नवी कामं नव्या मशीनवर, युनिकोडमध्ये. पहिले पंधरा दिवस मावशी कीबोर्डवर वैतागली, आता हात बसलाय.

तुमचं जुनं मशीन देऊनच टाकायचं असेल, तर डिस्क काढून घ्या आणि बाकीचं अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. भंगारवाल्याच्या हातगाडीवर तुमचं पासबुक जाऊ देऊ नका.

परवा मावशीकडे गेलो होतो. तिने मशीनचं बटण दाबलं, गॅसकडे वळली आणि तशीच परत फिरली. विंडोज सुरू झालेलं होतं. म्हणाली, "आता चहा कधी पिऊ मी?"

तुम्हीही असं मशीन घेतलं असेल तर तुमचा अनुभव नक्की कळवा. आणि घेणार असाल, तर दुकानदाराला 'कितीला?' विचारण्याआधी 'कितवी पिढी?' हे विचारा. भेटू पुढच्या भागात!