बोरघाटाचा पाऊस आणि गणिताचे चौकोन

पावसाचे गणित मांडायला कर्जत-खालापूरचा पट्टा जितका सोयीचा, तितकाच छळणारा आहे. समुद्रावरून येणारा मोसमी वारा कोकणच्या सखल पट्टीवरून पन्नास-साठ किलोमीटर आत येतो आणि खोपोलीशी त्याच्यासमोर एकदम सह्याद्री उभा राहतो. खोपोलीची उंची शंभर मीटरही नाही. सरळ रेषेत जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवरचे लोणावळे सहाशे मीटरच्या वर आहे. वारा चढतो, थंडावतो, त्यातले बाष्प पाणी होऊन पडते. एवढे शाळेच्या पुस्तकातही असते. ते पाणी किती पडेल, नेमके कुठे पडेल आणि पडल्यावर कोणता उतार सुटेल, हे आकड्यांत सांगण्याचा उद्योग मात्र साठ वर्षे चालू आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून या उद्योगाचा हिशेब मागण्याचा पहिला हक्क त्याच तालुक्याचा आहे.

हवेची समीकरणे आकडेमोडीने सोडवून हवामान सांगता येईल, हे लुईस रिचर्डसनने 1922 साली पुस्तक लिहून मांडले. त्याने स्वतः हाताने केलेल्या गणितात हवेचा दाब सहा तासांत 145 मिलिबारने चढला. प्रत्यक्षात तो जवळपास हललाही नव्हता. रीत बरोबर होती, सुरुवातीचे आकडे खडबडीत होते. 1950 मध्ये चार्नी, फ्यॉर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनिॲक यंत्रावर चोवीस तासांचा अंदाज काढला आणि त्यालाही चोवीस तासच लागले. हा इतिहास सगळीकडे छापलेला असतो, इथे तेवढा पुरे.

मराठी मुलखात या शास्त्राचे खरे दशक म्हणजे 1960 चे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी कुलाब्याला आयबीएम 1620 यंत्र आले. 1962 साली पुण्यात उष्णदेशीय हवामानाची संस्था स्थापन झाली आणि रामदुर्ग हाऊसमधून तिचे काम चालू झाले. याच संस्थेतल्या आर. पी. सरकार यांनी 1966 मध्ये डोंगरी पावसाचे एक मॉडेल प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी सह्याद्रीचा जो उभा छेद घेतला, तो मुंबई-पुणे रेषेवरचा. म्हणजे खालापूरच्या माथ्यावरचा पाऊस हा या देशातल्या डोंगरी पावसाच्या गणिताच्या पहिल्या काही उदाहरणांपैकी एक.

हे मॉडेल आजच्या मानाने फारच लहान होते. लांबी आणि उंची अशा दोनच मिती. वारा डोंगररांगेला काटकोनात, काळाबरोबर न बदलणारा. हवा तळापासून वरपर्यंत बाष्पाने भरलेली. सह्याद्रीचे सुळके, खिंडी आणि सोंडा घासून टाकून त्यांच्या जागी एक गुळगुळीत वक्र घेतला होता: घंटेच्या आकाराचा उंचवटा आणि त्यामागे दख्खनच्या पठाराची पायरी. या वक्रावरून वारा कुठे किती वेगाने वर जातो, ते समीकरणांतून काढायचे, आणि त्या वेगावरून दर तासाला किती पाणी पडावे ते ठरवायचे. मग खरी परीक्षा. मोसमी पाऊस जोरात असलेल्या दिवसांचे गणिती आकडे जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींशेजारी ठेवले गेले. चढावर पाऊस वाढत जातो, माथ्याच्या थोडा अलीकडेच त्याचा कळस होतो आणि पलीकडे तो झपाट्याने ओसरतो, हा आकार जुळला. किनाऱ्यावरचा पाऊस जुळला नाही. तो डोंगरामुळे पडत नाही, त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल, असे निबंधात सरळ लिहिले आहे. आपल्या गणिताच्या कक्षेबाहेर काय राहिले, हे त्याच निबंधात सांगण्याची ही शिस्त पुढच्या काळात पातळ झाली. यंत्रे वाढली आणि वृत्तपत्रांना द्यायच्या टिपणांत यंत्राचा वेग पहिल्या ओळीत आला.

पुढची वीस वर्षे मोठ्या संगणकाची वाट पाहण्यात गेली. अखेर 1989 मध्ये दिल्लीत क्रे एक्स-एमपी आला, तोही अमेरिकेने मोठे यंत्र नाकारून दिलेला धाकटा, आणि फक्त हवामानासाठीच वापरण्याच्या अटीवर. या नकाराला उत्तर म्हणून पुण्यात 1988 साली सी-डॅक उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. त्याचे कौतुक रास्तच होते. पण हवेचे गणित नकाशावरच्या चौकोनांच्या जाळीवर चालते, आणि त्या दशकातल्या राष्ट्रीय मॉडेलचा एक चौकोन साधारण दीडशे किलोमीटरचा होता. मुंबई, कर्जत, खंडाळा आणि पुणे ही सगळी त्या एका चौकोनात मावत, आणि चौकोनाला उंची एकच असते. सरकार यांच्या वक्रात सह्याद्री निदान गुळगुळीत स्वरूपात तरी होता. इथे तो सरासरीत विरघळला.

चौकोन लहान करणे सोपे नाही. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि गणित कोसळू नये म्हणून काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. काम आठपट वाढते. उंचीचे थर वाढवले तर त्याहून जास्त. या हिशेबाची किंमत 26 जुलै 2005 ला दिसली. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, कुलाब्याला 73. रोजच्या वापरातल्या मॉडेलांनी याच्या आसपासचा आकडा आधी दिला नव्हता, आणि मुंबईला तेव्हा डॉप्लर रडारही नव्हते. उल्हास नदीने कर्जतपासून बदलापूर-कल्याणपर्यंत काठ बुडवले. महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे आदल्याच दिवशी दरडी कोसळल्या होत्या. नंतरची कित्येक वर्षे देशोदेशीच्या अभ्यासकांनी सांताक्रूझचा तो आकडा संगणकात पुन्हा पाडून दाखवला. महाडच्या उतारांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे गणित आले.

2018 मध्ये पुण्याच्या संस्थेत ‘प्रत्युष’ आणि 2024 मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले. चौकोन बारा किलोमीटरवर आला आणि मे 2025 मध्ये ‘भारत’ अंदाजप्रणालीत सहावर. प्रगती खरी आहे. घाटमाथ्यावरचा लाल इशारा आता बहुधा वेळेवर येतो. पण सहा किलोमीटरच्या चौकोनातही इर्शाळगडाचा अकराशे मीटरचा सुळका आणि पायथ्याच्या चौक गावची सपाटी यांची सरासरीच होते. शिवाय डोंगराचा आकार मॉडेलला नीट कळायला एक चौकोन पुरत नाही, ओळीने चार-पाच लागतात. ताळा घ्यायचा तो जमिनीवर. राज्याच्या ‘महावेध’ योजनेत 2017 पासून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे बसली, पण हिशेब महसूल मंडळामागे एक असा. सह्याद्रीच्या कुशीत एका मंडळात तळ आणि माथा दोन्ही येतात, आणि त्यांच्या पावसात मोठा फरक असतो.

दरडीचे गणित याहून जुने आणि दिसायला साधे. उताराला धरून ठेवणारे बल भागिले खाली ओढणारे बल. उत्तर एकाखाली गेले की उतार सुटतो. मुरलेल्या पाण्याचा दाब मातीचे कण एकमेकांपासून सैल करतो, म्हणून अंश घटतो. यासाठी मातीचा थर किती जाड, तिची पकड किती, पाणी किती वेगाने मुरते, खाली कातळ कसा आहे, हे कळायला हवे. सह्याद्रीत बेसाल्टचे आडवे थर, मध्ये लाल मातीचे पट्टे, वर झिजलेला मुरूम. दोनशे मीटरवर हे सगळे बदलते. 2014 च्या माळीणच्या दरडीनंतरच्या काळात देशभर दरडप्रवणतेचे नकाशे 1:50,000 प्रमाणावर तयार झाले. त्यात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. अठ्ठेचाळीस घरांची इर्शाळवाडी अशा नकाशावर टिंबाएवढी. आणि नकाशा सांगतो ते ‘कुठे’, ‘कधी’ नाही.

इर्शाळवाडीच्या बाबतीत ‘कुठे’ही सांगितले गेले नाही. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते, हे राज्य सरकारनेच घटनेनंतर सांगितले. तीन दिवसांत त्या भागात 499 मिलिमीटर पाऊस झाला होता, तोही सरकारचाच आकडा. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले आणि 23 जुलैला शोध थांबवला गेला. पावसाचा अंदाज होता, उताराचा नव्हता, आणि दोघांना जोडणारे गणित या तालुक्यासाठी कुणी मांडलेले नव्हते. यादीत नाव नसणे म्हणजे धोका नसणे, हा अर्थ मॉडेलने दिला नव्हता. तो कार्यालयांनी काढला.

दोन्ही गणिते एकत्र चालवणारे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कोलकात्यात उघडले, त्याची तारीख 19 जुलै 2024. सुरुवातीला त्याची पत्रके कालिम्पाँग, दार्जिलिंग आणि निलगिरी या जिल्ह्यांसाठी निघू लागली.