‘हे नको’ म्हणणारा माणूस

‘बरसात’ 1949 सालचा आणि ‘बेईमान’ 1972 सालचा. दोन्ही तबकड्यांवर संगीतकाराचं नाव एकच आहे: शंकर-जयकिशन. ‘बेईमान’ला त्या वर्षीचं संगीताचं फिल्मफेअर पारितोषिकही मिळालं. पण स्पर्धेत गुलाम मोहंमद यांचा ‘पाकीजा’ होता. ते हयात नव्हते, तरी मान त्यांचाच होता, असं म्हणून प्राण यांनी ‘बेईमान’साठी मिळालेलं स्वतःचं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक नाकारलं. ज्यांच्या चालींवर एक अख्खी पिढी प्रेमात पडली, त्यांचं बक्षीस लोकांना खटकू लागलं होतं. रसिकांनी मग एका शब्दात निकाल लावला: संपले.

मला या शब्दाने कधी समाधान झालं नाही, कारण नेमकं काय संपलं ते त्यातून कळत नाही. ते समजून घ्यायचं तर त्या काळात सिनेमाचं गाणं कसं तयार व्हायचं, ते आधी पाहावं लागेल.

सुरुवात बैठकीने. दिग्दर्शक प्रसंग सांगतो, संगीतकार पेटी पुढे ओढतो, कोणीतरी तबल्यावर ठेका धरतो. शब्द बहुतेक वेळा अजून आलेले नसतात, म्हणून तोंडाला येतील ते बोल घालून चाल धरून ठेवायची. ‘श्री 420’मधल्या एका प्रसिद्ध गाण्याच्या मुखड्यात तेलुगू शब्द आहेत. शंकर हैदराबादेत वाढलेले. चालीसाठी तोंडी आलेले ते बोल इतके चपखल बसले की तसेच राहिले. एका प्रसंगाला अनेक चाली होतात आणि एकच उरते. बाकीच्या कोणीतरी बाजूला सारलेल्या असतात.

मग गीतकार येतो. चालीत शब्द बसवणं एवढंच त्याचं काम नसतं. चांगला कवी चालीला अडवतो. इथे ओळ लांब हवी, इथे श्वास हवा, इथे हा अर्थ एवढ्या उड्या मारत म्हणता येणार नाही, असं तो सांगतो आणि चाल वळते. शैलेंद्र हे करू शकत होते. ‘बरसात’पासून ते शंकर-जयकिशन यांच्या सोबत होते आणि हसरत जयपुरीही.

त्यानंतरची पायरी श्रोत्याला दिसतच नाही. पेटीवरची चाल म्हणजे नुसती एक रेघ. तिच्या मागे व्हायोलिनांचा ताफा काय वाजवील, अंतऱ्याआधी अ‍ॅकॉर्डियन येईल की बासरी, गाणाऱ्याच्या सुराखालून दुसरा सूर कसा वाहील, हे सगळं लिहून काढणारा माणूस म्हणजे अरेंजर. मुंबईत या कामावर गोव्याच्या वादकांची छाप होती. चर्चच्या शाळांत लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले, हॉटेलांतल्या बँडमध्ये तयार झालेले हे लोक. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत तारवाद्यांची जी भरती येते, ती लिहिणारा हात सेबॅस्टियन डिसोझा यांचा. फाळणीपूर्वी ते लाहोरात बँड चालवत. ठेक्याची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळत, आणि ढोलकीवरचा त्यांचा तो डौलदार ठेका वादक आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ही सगळी माणसं एका दालनात जमत आणि गायकासह संपूर्ण गाणं सलग वाजवत. एक चुकला की सगळं पहिल्यापासून. म्हणून तालमी भरपूर होत, आणि तालमीत गाण्याचे दोष दिसत.

प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी ‘हे नको’ म्हणायला बसलेलं आहे, हे आता ध्यानात येईल. संगीतकाराची प्रतिभा म्हणून आपण जे ऐकतो, त्यात या नकारांचा वाटा फार मोठा असतो. शंकर-जयकिशन यांचं भाग्य असं की पहिला नकार घरातच होता. एकाची चाल पहिल्यांदा ऐकणारा कान दुसऱ्याचा. आणि दोघांच्या पुढ्यात राज कपूर. आपल्याला काय हवं ते त्याला ऐकूनच कळायचं आणि ते मिळेपर्यंत तो समोरून उठायचा नाही.

ही घडी एका दिवसात मोडली नाही. साठच्या दशकात त्यांच्याकडे कामाचा पूर आला. नाव असं झालं की त्या नावावर चित्रपट विकला जाई. अशा संगीतकाराला निर्माता ‘दुसरी चाल दाखवा’ कशाला म्हणेल? पहिली चाल मंजूर होऊ लागते. कामं वाटून घेतली जातात, एक गाणं याचं, एक त्याचं, आणि एकमेकांचं ऐकणं कमी होत जातं. याच काळात दोघांत दुरावा आला. शारदा या नव्या गायिकेमागे शंकर ठामपणे उभे राहिले, ‘सूरज’मधलं तिचं गाणं 1966 साली गाजलंही, पण त्या आग्रहावरून कुरबुरी वाढल्या. त्याच वर्षी डिसेंबरात, ‘तीसरी कसम’च्या निर्मितीत कर्जबाजारी झालेले शैलेंद्र गेले. चालीला अडवणारा कवी गेला. माझ्या लेखी या जोडीच्या उतरणीची खरी तारीख हीच आहे.

पण 1971 चा ‘अंदाज’ ऐका. मोटारसायकलवर बसलेला राजेश खन्ना आणि किशोरकुमारचा आवाज. ‘आराधना’नंतर सगळा बाजार या दोघांकडे वळला होता. शंकर-जयकिशन यांचे हक्काचे नायक मागे पडत होते, आणि तरी काळाचं हे सर्वांत ताजं गाणं त्यांच्याच नावावर आलं. झरा आटला असता तर हे गाणं कुठून आलं असतं? त्याच वर्षी 12 सप्टेंबरला जयकिशन गेले.

शंकर यांनी दोघांचं जोडनाव पुढेही चालवलं. यात व्यवहार असेल, पण मला त्यात मित्राची जागा भरायची नाही, हा हट्टही दिसतो. राज कपूर मात्र दूर गेले. ‘मेरा नाम जोकर’ने त्यांना आर्थिक खड्ड्यात लोटलं होतं, आणि 1973 च्या ‘बॉबी’साठी त्यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना घेतलं. शंकर यांच्या पुढच्या कामात चाली वाईट नाहीत. 1975 चा ‘संन्यासी’ चांगला चालला, त्यातली गाणी लोकांनी गुणगुणली. पण बारकाईने ऐकलं की जाणवतं, मुखड्याला जे सुचलं तेच अंतऱ्यात पुन्हा येतं. मोठा वाद्यमेळ आहे, पण तो कुठे थांबायचं ते विसरतो. जिथे पूर्वी कोणी हात वर केला असता, तिथे आता कोणी करत नाही. 1987 साली शंकर गेले, तेव्हा त्यांची गाणी रोज रेडिओवर वाजत होती आणि हाताला काम फारसं नव्हतं.

याच काळातले दुसरे संगीतकार ओ. पी. नय्यर यांच्या बाबतीत एकच धागा तुटला. त्यांच्या चाली आशा भोसले यांच्या गळ्याच्या मापाने बेतलेल्या असत, आणि लता मंगेशकर यांचा आवाज त्यांनी कधीच घेतला नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आशाबाईंशी संबंध संपले. पुढे नय्यर 2007 पर्यंत जगले, पण ती नजाकत परत आली नाही.

चितळकरांची गोष्ट मला वेगळी वाटते आणि तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही. पुणतांब्याचे राम चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. ‘अलबेला’, ‘अनारकली’, ‘आझाद’, ‘नवरंग’ यांचे संगीतकार. ‘अलबेला’त अल्डोण्याच्या चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पन्नासच्या दशकाअखेरीस लताबाईंशी बिनसलं, गीतकार राजेंद्र कृष्ण यांच्याशी असलेली जोडी विस्कटली, आणि साठच्या दशकात हिंदी चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरून गेली. तिथेही शब्द तोच: संपले.

आणि 1970 साली मराठीत ‘घरकुल’ आला. चितळकर तेव्हा बावन्न वर्षांचे होते. माडगूळकरांचं बापलेकरांचं गाणं, अभिनेते अरुण सरनाईक यांच्या साध्या आवाजात, आणि त्यातलं हसू थेट घरातलं. सुरेश भटांचे शब्द आशाबाईंकडे, एकेक स्वर तलम कापडासारखा उलगडलेला. शिवाय क्लबातलं पाश्चात्त्य थाटाचं गाणंही, तेच जुनं ‘अलबेला’चं रक्त. पुढ्यात पुन्हा असे कवी होते की ज्यांच्या ओळीपुढे चालीला सावकाश यावं लागे. मराठी चित्रपटाकडे पैसा बेताचा, म्हणजे वाद्यमेळही मुंबईच्या मोठ्या चित्रपटांएवढा नाही. चालीला लपायला जागा नव्हती.

भटांचं ते गाणं रात्री दिवे मालवून ऐकून पाहा. शब्द संपतो तिथे संगीतकाराने काहीही न वाजवता सोडून दिलेली एक छोटी जागा आहे. ती पहिल्या चालीत होती की कोणी सांगितल्यावर तशी ठेवली, ते तबकडीवर लिहिलेलं नाही.