कूपरेजची आठवण आणि आपल्या वस्तीचे मैदान

मंत्रालयातल्या कामासाठी आपल्याकडची पुष्कळ माणसे मुंबईला जातात. नांदेडहून देवगिरी किंवा नंदीग्राम, लातूरहून मुंबई एक्स्प्रेस. रात्रभर प्रवास करायचा, दिवसभर कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचा आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचे. या धावपळीत मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर, ओव्हल मैदानाच्या टोकाला असलेल्या एका लहानशा मैदानाकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या मैदानाचे नाव कूपरेज. मुंबईच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना विचारा, या मैदानाच्या आठवणी ते तासन् तास सांगतील.

नाव साहेबी वाटते, पण त्याचा अर्थ मात्र कष्टकऱ्यांचा आहे. लाकडी पिंपे बनवणाऱ्या कारागिराला इंग्रजीत कूपर म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात या भागात पिंपे तयार होत, म्हणून हे नाव पडले. कारागीर गेले, पिंपे गेली, नाव तेवढे राहिले.

कचेरी, गिरणी आणि फुटबॉल

आज खेळाडूंचे लिलाव होतात, कोटींचे आकडे छापून येतात. मुंबईच्या जुन्या फुटबॉलचा हिशेब वेगळा होता. टाटा, मफतलाल, रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्र यांचे संघ असत. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळे. गरीब घरातला मुलगा पायातल्या चेंडूच्या जोरावर हजेरीपटावर यायचा आणि त्याच्या घरची चूल पेटायची. पोरगा खेळून काय मिळवणार, या आईबापांच्या प्रश्नाला कूपरेजवर उत्तर मिळत होते.

मुंबईच्या टाटा संघाकडून खेळलेल्या नेव्हिल डिसूझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३ गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात ३ गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या वेळी भारताचा संघ चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये त्याहून वरचे स्थान आपल्याला पुढे कधीच मिळाले नाही.

आपल्या मराठवाड्याचाही कूपरेजशी एक धागा जुळतो. इंग्रज पलटणींसाठी १८९१ मध्ये रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली आणि पुढे कूपरेज हेच तिचे घर झाले. हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे हा चषक जिंकला. त्या काळात नांदेड जिल्हा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले लातूर हैदराबाद राज्यातच होते. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे कूपरेजवर मोठमोठ्या संघांना हरवणारा तो संघ आपल्याच राज्याचा होता! त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर. त्यांच्याच हाताखाली भारताने १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई खेळांचे सुवर्णपदक जिंकले.

मैदान राहिले, संघ गेले

रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. तरी कूपरेजला घर मानणारे संघ होते. महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. मात्र २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. २०१३ मध्ये परवान्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून एअर इंडियाचा संघ आय-लीगमधून बाहेर काढला गेला. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी २०१६-१७ च्या हंगामात तळाला गेला, आय-लीगमधून उतरला आणि पुढे तोही बंद पडला.

या तिन्ही संघांची कहाणी एका माणसात सापडते. खालिद जमील महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांकडून खेळले आणि पुढे अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. २०१६ मध्ये त्यांना तिथून निरोप मिळाला. ते मिझोरमच्या ऐजॉल संघाकडे गेले आणि त्याच हंगामात त्या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच हंगामात मुंबई एफसी खाली घसरला. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. कूपरेजने घडवलेला माणूस देशाच्या संघापर्यंत पोहोचला. त्याचे तिन्ही संघ मात्र मागे उरले नाहीत.

मग प्रेक्षक नेमके कशाला हळहळतात? कूपरेजवर फार सुखसोयी होत्या म्हणून नव्हे. नव्या बांधकामानंतरही तिथे जेमतेम ५,००० माणसे बसतात. पण ते फक्त फुटबॉलचे मैदान आहे. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याची पट्टी नाही. खेळाडूची हाक ऐकू येते आणि आपली हाक त्याला ऐकू जाते. कूपरेजचे काम चालू होते तेव्हा मुंबई एफसीला आपले 'घरचे' सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. तिथे मैदानाभोवती धावण्याची पट्टी, त्यामुळे प्रेक्षक लांब. शिवाय मुंबईच्या पगारदाराने सामन्यासाठी पुण्याला जायचे कसे? २०१४ मध्ये मुंबई सिटी हा नवा संघ आला. त्याचे पहिले २ हंगाम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. ते क्रिकेटचे गोल मैदान. २०१६ मध्ये हा संघ अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर आला, तेव्हा कुठे प्रेक्षकाला पुन्हा चेंडूजवळ बसता आले.

म्हणजे दुःख लाकडाच्या बाकांचे किंवा जुन्या भिंतीचे नाही. जिथे आपल्याला जवळ बसता येते आणि आपला आवाज पोहोचतो, ती जागा आपली वाटते. संघ बंद करताना, सामने हलवताना त्या आवाजाला कोणी विचारले नाही. खरे शल्य तेच आहे.

लंडनच्या कामगारांनी काय केले

असेच दुखणे लंडनच्या चार्लटन भागातल्या लोकांच्या वाट्याला आले होते. टेम्स नदीकाठची ही कारखान्यांची वस्ती. १९०५ मध्ये तिथल्या पोरांनी फुटबॉलचा क्लब काढला. १९१९ मध्ये वाळू आणि खडूच्या एका जुन्या खाणीत स्वयंसेवकांनी मैदान तयार केले. खणून निघालेल्या मातीचे उतार रचले आणि त्यावर उभे राहून माणसे खेळ पाहू लागली. खोलगट जागा म्हणून नाव पडले 'व्हॅली', म्हणजे दरी. १९३८ मध्ये एका सामन्याला तिथे ७५,०३१ माणसे जमली होती.

सप्टेंबर १९८५ मध्ये सामन्याला आलेल्या लोकांच्या हातात एक पत्रक पडले. क्लब व्हॅली सोडून दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाड्याने खेळणार, असे त्यात लिहिले होते. चर्चा नाही, विचारणा नाही. मैदानावर झाडेझुडपे माजली. पण लोकांनी पाठ फिरवली नाही. १९८९ मध्ये शेकडो माणसे फावडी, विळे घेऊन गेली आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते रान साफ केले. क्लब परत यायला तयार झाला, तर १९९० च्या सुरुवातीला नगरपालिकेने बांधकामाला नकार दिला.

तेव्हा या प्रेक्षकांनी व्हॅली पार्टी नावाचा पक्षच काढला आणि मे १९९० च्या पालिका निवडणुकीत जवळजवळ प्रत्येक प्रभागात उमेदवार उभे केले. एकही उमेदवार निवडून आला नाही. पण त्यांना १४,८३८ मते मिळाली आणि नियोजन समितीच्या अध्यक्षाची खुर्ची गेली. पुढच्या वर्षी त्याच पालिकेने परवानगी दिली. लोकांनी वर्गणीही भरली. ५ डिसेंबर १९९२ रोजी ७ वर्षांनी चार्लटनचा संघ आपल्या घरी खेळला आणि १-० ने जिंकला. मताची किंमत काय असते, हे आपल्या घरात कोणाला वेगळे सांगायला नको.

आपल्या वस्तीत काय करावे

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या नांदेड-लातुरात आय-लीगचा संघ नाही. पण प्रत्येक वस्तीजवळ एखादा मोकळा तुकडा असतो. पोरे तिथे क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल खेळतात, सायंकाळी म्हातारी माणसे बसतात. एक दिवस तिथे पत्र्याचे कुंपण पडते आणि आतून बांधकामाचा आवाज येऊ लागतो. मग आपण "इथे केवढे मैदान होते" म्हणत हळहळतो. हळहळण्याआधी करण्यासारखी कामे आहेत.

पहिले काम म्हणजे ती जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढावे. महापालिकेच्या विकास आराखड्यात तिच्यावर 'खेळाचे मैदान' असे आरक्षण आहे का, हे नगररचना विभागात विचारावे. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

दुसरे, नोटिसांवर लक्ष ठेवावे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात, आराखड्यात फेरबदल करण्याआधी जाहीर नोटीस काढून लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी महिनाभराची मुदत असते. बहुतेक वस्त्यांना ही नोटीस मुदत संपल्यावर कळते. तालीम मंडळातल्या किंवा महिला मंडळातल्या एकाने तरी वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना रोज वाचण्याचे काम अंगावर घ्यावे.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आरक्षित जागा १० वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचे पाऊल उचलले गेले नाही, तर ते आरक्षण कायद्यानेच संपते. म्हणजे कागदावरचे मैदान पालिका गप्प बसली तरी जाऊ शकते. म्हणून मागणी वेळेवर, लेखी करावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

मुलींनाही मैदानावर तेवढाच वेळ मिळेल, हे वडीलधाऱ्यांनी पाहावे. मैदान जितक्या जास्त घरांचे, तितके ते वाचवायला उभी राहणारी माणसे जास्त.

चार्लटनच्या लोकांनी आधी विळा हातात घेतला, मग मत. येत्या रविवारी आपल्या वस्तीतले मैदान साफ करायला जमा. काम झाले की तिथेच बसून अर्ज लिहा आणि सोमवारी कचेरीत देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या.