उतरणीचे हिशेब (भाग ७) : घर आत्ताच नावावर करून टाकू का?

सत्तरी ओलांडली की गुडघेदुखीच्या जोडीला आणखी एक घोर लागतो. आपल्यामागे मुलं घरावरून भांडली तर? मग कुठल्याशा लग्नात जेवताना शेजारचे काका सुचवतात, "बक्षीसपत्र करून टाका हो, दोनशे रुपयांत काम होतं."

दोनशे रुपये ही थाप नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना, नवऱ्याला-बायकोला किंवा निवर्तलेल्या मुलाच्या बायकोला बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागतं. नोंदणीचा खर्च आणि काही ठिकाणी स्थानिक अधिभार वेगळा. तेच घर बाहेरच्याला विकलं, तर घेणाऱ्याला शुल्कापोटी लाखांत मोजावे लागतात. एवढं स्वस्त असल्यामुळेच पुष्कळ जण फारसा विचार न करता सही करतात.

सही झाली, नोंदणी झाली आणि मुलाने ते स्वीकारलं, की घर त्याचं. उद्या मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. काल मुलगा तुमच्याकडे राहत होता, आज तुम्ही त्याच्याकडे राहता.

इथे बहुतेक आईबाप म्हणतात, "आमचा मुलगा तसा नाही." नसेलच. माझी हरकत मुलाच्या स्वभावाला नाहीच. चांगल्या मुलाचाही धंदा बसतो. त्याने घर तारण ठेवून कर्ज काढलं आणि हप्ते थकले, तर बँक मालकाच्या आईवडिलांचं वय बघत बसत नाही. चांगल्या मुलाचाही घटस्फोट होतो. आणि बोलायला जड जातं, पण चांगला मुलगा आईवडिलांच्या आधीही जातो. तेव्हा काय होतं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. हिंदू वारसा कायद्यात, मुलाने मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्याची बायको, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस. वडील त्या वर्गात नाहीत. आयुष्यभर हप्ते फेडून घेतलेला फ्लॅट वडिलांनी मुलाला दिला आणि मुलगा आधी गेला, तर त्या फ्लॅटमध्ये वडिलांचा कायदेशीर वाटा शून्य.

हक्कसोडपत्राचं प्रकरण मला याहून त्रासदायक वाटतं, कारण ते नेमकं दुःखाच्या दिवसांत उरकलं जातं. वडील गेलेले असतात, मृत्युपत्र नसतं. सगळी भावंडं एकत्र आहेत, मुंबईची परत जाणार आहेत, अमेरिकेतल्याचं तिकीट ठरलेलं आहे, तेव्हा "आलोच आहोत तर सह्या करून टाकू" असं ठरतं. बहिणी सही करतात आणि त्यांच्या पाठोपाठ आईही करते. "मला आता काय करायचंय घर?" असं तीच म्हणते आणि कुणी तिला थांबवत नाही. खरं तर तिचा वाटा प्रत्येक मुलाइतकाच असतो. (आजी हयात असेल तर तिचाही असतो, तिला तर कुणी विचारतही नाही.) बहिणींनी हक्क सोडावा की नाही हा स्वतंत्र वाद आहे. आईने मात्र सोडू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

दिलेलं परत मिळण्याची वाट अगदीच बंद आहे असं नाही. 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं १९७० साली. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला २००७ साली. त्या नाटकातल्या, सगळं मुलांना देऊन बसलेल्या अप्पा बेलवलकरांना तो मिळता तर नाटककार शिरवाडकरांना दुसरा अंक वेगळा लिहावा लागला असता. या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतर रद्द करता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा. स्वतःला जमत नसेल तर आपल्या वतीने दुसऱ्या कुणाला किंवा एखाद्या संस्थेलाही तो करता येतो.

सगळी मेख 'अटीवर' या शब्दात आहे. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अशी अट होती हे दिसायला हवं, नुसतं प्रेमाने दिलं होतं एवढं पुरत नाही. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगितलं. पण त्या आईकडे मुलाने सांभाळाचं लेखी वचन दिल्याचा कागद होता. तोंडी शब्दावर किती विसंबायचं ते यावरून ठरवा.

याच कायद्यात निर्वाहाची रक्कमही मागता येते, पण तिला महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. पुण्या-मुंबईत दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींचा पगारही त्यात निघत नाही. आणि ही जबाबदारी फक्त मुलग्यांची नाही. लग्न झालेल्या मुलीवरही ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात, जुन्या फौजदारी संहितेच्या आधारे सांगितलं होतं. घर मुलाला आणि उठबस मुलीकडे, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी दिसतो. वाटणीच्या वेळी निदान हे तरी आठवावं.

मग करायचं काय? माझं उत्तर मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. हयातीत कितीदाही बदलता येतं आणि शेवटपर्यंत घर तुमचंच राहतं. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, म्हणजे पुढे "त्यांना काही कळत नव्हतं" असं म्हणायला जागा उरत नाही. सोसायटीत नॉमिनीचं नाव घातलं की झालं, या समजात मात्र राहू नका. नॉमिनी सोसायटीच्या व्यवहारापुरता, मालकी वारसांची.

बक्षीसपत्रच करायचं असेल, तर नवरा-बायको दोघांनाही त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट, दोन्ही स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. मुलाने यात अपमान मानू नये. उलट हा मजकूर घालायचं त्यानेच सुचवावं. वकील मात्र ज्याला घर मिळणार त्याने शोधलेला नको, आणि मसुदा वाचून दाखवला जात असताना मुलगा खोलीबाहेर बसला तर उत्तम.