पतंगाजवळचा मुलगा

शाळेत असताना विज्ञानाच्या पुस्तकात एक चित्र होते. आभाळ भरून आले आहे, वीज चमकते आहे, बेंजामिन फ्रँकलिन पतंग उडवीत आहेत आणि शेजारी आठ-दहा वर्षांचे एक पोर उभे आहे. चित्रकाराने आम्हांला चक्क फसवले होते! १७५२ सालच्या त्या प्रयोगात वडिलांच्या मदतीला असलेला विल्यम चांगला विशीतला तरुण होता. आणि हाच विल्यम पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वडिलांच्या विरुद्ध, इंग्लंडच्या राजाच्या बाजूने उभा राहिला, हे तर पुस्तकात कुठेच नव्हते.

‘राजनिष्ठ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रावबहादुराची पगडी आणि कलेक्टरसाहेबापुढचा लवून केलेला मुजरा येतो. अमेरिकेतल्या राजनिष्ठांना हे माप लागू पडत नाही. राजा त्यांना परका नव्हता. भाषा त्याची तीच यांची, कायदाही तोच. कर जाचक आहेत हे त्यांतल्या पुष्कळांना मान्य होते. पण म्हणून घर मोडायचे का, एवढाच त्यांचा सवाल. त्यांत गव्हर्नर होते, तसे पाद्री, दुकानदार, साधे शेतकरीही होते. अंगाला डांबर फासून वर पिसे चिकटवायची आणि गावातून धिंड काढायची, ही स्वातंत्र्यवाद्यांनी त्यांच्यातल्या काहींना दिलेली शिक्षा. स्वातंत्र्याच्या इतिहासातली ही पाने सहसा कोणी मोठ्याने वाचत नाही.

विल्यमला वडिलांनीच लंडनला नेले, कायदा शिकवला. १७६३ मध्ये तो न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला. १७७१ मध्ये फ्रँकलिननी आत्मचरित्र लिहायला घेतले, तेही या मुलाला उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपात. १७७५ मध्ये वडील लंडनहून परतले ते पक्के बंडखोर होऊन. मुलगा मात्र राजाने दिलेले पद सोडीना. जून १७७६ मध्ये त्याला अटक झाली आणि त्याच उन्हाळ्यात वडिलांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली.

विल्यमची पत्नी एलिझाबेथ हिने सासऱ्यांना पत्र लिहून नवऱ्यासाठी गळ घातली होती. १७७७ च्या जुलैत ती न्यूयॉर्कला वारली. शेवटची भेट घेऊ द्या, अशी विनंती कैदेतल्या विल्यमने केली होती. काँग्रेसने ती नाकारली. सुटका झाली १७७८ मध्ये, कैद्यांच्या अदलाबदलीत. त्यानंतरचा विल्यम काही गरीब गाय नव्हे. न्यूयॉर्कला राजनिष्ठांची सशस्त्र संघटना त्याने चालवली आणि तिच्या लोकांनी १७८२ मध्ये एका कैद्याला फासावर लटकावले. त्याच वर्षी तो इंग्लंडला निघून गेला.

एव्हाना सारे संपलेच होते. १७८१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला शरण गेला. (हाच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडक्यांच्या जोडीने श्रीरंगपट्टणापुढे उभा राहिला!) सुमारे साठ हजार राजनिष्ठांनी देश सोडला. निम्म्याहून अधिक नोव्हा स्कोशियाच्या थंड, रानवट मुलखात आणि आसपास गेले; त्यांच्यासाठी १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत करावा लागला. इंग्रजांच्या आश्रयाला आलेले सुमारे तीन हजार कृष्णवर्णीयही न्यूयॉर्कहून गलबतांत चढले. त्यांची नावे एका वहीत नोंदलेली आहेत. कबूल केलेली जमीन त्यांना नीट मिळाली नाही, तेव्हा १७९२ मध्ये त्यांतले जवळजवळ बाराशे पुन्हा समुद्र ओलांडून आफ्रिकेत, सिएरा लिओनला गेले. मुलांच्या स्वातंत्र्यासाठी आईबापांनी दोनदा घर सोडले, ते कुठल्या राजाच्या प्रेमाने?

१७८४ मध्ये विल्यमने वडिलांना समेटाचे पत्र लिहिले. वडिलांनी उत्तर दिले, पण एकुलत्या उरलेल्या मुलाने आपल्याविरुद्ध शस्त्र धरावे, याहून मोठा घाव आपल्याला बसला नाही, असेही कळवले. मला या वडिलांचे दुःख कळते. पण ज्यांनी स्वतः राजाविरुद्ध बंड केले, त्यांनी मुलाच्या बंडाला क्षमा करू नये, याचे नवल वाटते. १७८५ मध्ये साउदम्प्टनला दोघे भेटले. भेटीत मुख्य काम झाले ते जमिनींच्या कागदांचे. पुन्हा भेट नाही.

आत्मचरित्राचा पुढचा भाग फ्रँकलिननी लिहिला, त्यात मुलाला उद्देशून काही नाही. १७९० मध्ये ते वारले. मृत्युपत्रात विल्यमच्या वाट्याला आले जुन्या कर्जाची माफी, त्याच्याचकडे असलेली पुस्तके आणि कागदपत्रे, आणि नोव्हा स्कोशियातल्या जमिनीवरचा हक्क.