पदयात्रा, वर्गणी आणि अत्याचारग्रस्त स्त्री

गेल्या काही वर्षांत ‘चॅरिटी ट्रेक’ हा शब्द आपल्या महाविद्यालयांपर्यंत येऊन पोहोचला आहे. युद्धाने वा दंगलीने होरपळलेल्या प्रदेशांतील स्त्रियांसाठी एखादा डोंगर चढायचा, शंभर किलोमीटर चालायचे, त्या चालण्याच्या नावाने ओळखीपाळखीच्या माणसांकडून पैसे गोळा करायचे आणि ते एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करायचे, असा हा व्यवहार आहे. रायगड किनाऱ्यावरच्या काही विद्यार्थी-विद्यार्थिनींनी हरिहरेश्वर ते महाड अशी पदयात्रा काढून निधी जमवण्याची कल्पना मांडली. चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांनी ‘हे मध्यमवर्गीय फॅड आहे’ म्हणून ती उडवून लावली. मुले हिरमुसली. माझ्या मते या प्रश्नाचा नीट विचार दोघांनीही केलेला नाही, आणि तो करण्याजोगा आहे.

प्रथम हा व्यवहार काय आहे ते समजून घेऊ. याचे एक प्रसिद्ध रूप हाँगकाँगमध्ये जन्माला आले. १९८१ साली तेथील ब्रिटिश लष्करातल्या गुरखा पलटणीने १०० किलोमीटर चालण्याचा सराव निधी-संकलनाला जोडला. पुढे ऑक्सफॅम संस्थेने तो आपलासा केला आणि ‘ट्रेलवॉकर’ या नावाने तो देशोदेशी गेला. भारतातही तो झाला. स्त्रियांच्या बाबतीत बोस्नियाच्या युद्धाने या कामाला वेग दिला. १९९३ साली झैनब साल्बी या इराकी तरुणीने अमेरिकेत ‘विमेन फॉर विमेन इंटरनॅशनल’ ही संस्था काढली; दूर देशीच्या एका स्त्रीने युद्धग्रस्त स्त्रीला दरमहा ठरावीक रक्कम पाठवावी, हे तिचे मूळ सूत्र. अशा संस्थांसाठी लोक चालतात, धावतात, शिखरे चढतात. यातही दोन प्रकार आहेत. एकात चालणारा आपल्या प्रवासाचा खर्च स्वतः करतो आणि जमवलेला पैसा पूर्णपणे कामाला जातो. दुसऱ्यात त्याने किमान अमुक रक्कम जमवायची असते, आणि त्याच रकमेतून त्याचे विमानभाडे, तंबू, वाटाड्या यांचाही खर्च निघतो. म्हणजे देणारा समजतो की आपण निर्वासित बाईला मदत केली. प्रत्यक्षात त्यातला काही भाग एका सुशिक्षिताच्या सहलीला गेलेला असतो. कुणी पावतीपुस्तक घेऊन दारात आले, तर यातला कोणता प्रकार आहे, एवढे तरी विचारले पाहिजे.

आता आपल्याकडचे चालणे. हरिहरेश्वराला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. देवळामागच्या डोंगराला वळसा घालून, पायऱ्या उतरून, समुद्राच्या कडेच्या खडकांवरून तिथली प्रदक्षिणा जाते. भरतीच्या वेळी ती करता येत नाही. पाहायला ती जागा फार सुंदर आहे, यात वाद नाही. पण प्रदक्षिणेचे पुण्य चालणाऱ्याच्याच खात्यात जमा होते, आणि देवळांचे दरवाजे अस्पृश्यांना कायद्याने उघडायला १९४७ चा मुंबई हरिजन मंदिर प्रवेश कायदा यावा लागला. म्हणजे या भूमीत पुण्यासाठी चालण्याचा अधिकारही सर्वांना नव्हता. डोक्यावर ओझे घेऊन, दुसऱ्याचे टपाल घेऊन, मेलेले जनावर ओढत चालण्याचे कर्तव्य मात्र आमच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या होते.

या पार्श्वभूमीवर हरिहरेश्वराच्या डोंगरावरून दक्षिणेला पाहावे. खाली बाणकोटची खाडी समुद्राला मिळते. ही सावित्री नदी. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून, पोलादपूर, महाड, दासगाव करीत ती येथे येते. ज्या महाडात माणसाला पाणी नाकारले गेले, त्या महाडच्या कडेने वाहत आलेले पाणी येथे समुद्रात जाते. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर मनुस्मृती-दहनाच्या परिषदेसाठी महाडला निघाले, ते ‘पद्मावती’ बोटीने आणि दासगाव बंदराच्या वाटेने. धरमतरची वाट जवळची होती. पण बसमालकांनी बहिष्कार टाकला तर काय करायचे? दासगावाहून महाड पाच मैल. तेवढे अंतर सर्वांना चालून जाता येईल, असा तो हिशेब होता. मुंबईहून दासगावला जाणाऱ्या बोटीला याच खाडीच्या तोंडातून आत शिरावे लागते. त्या परिषदेला महाडात सवर्ण हिंदूंपैकी कुणी जागा दिली नाही. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. तळ्यावर जाण्यास न्यायालयाने तात्पुरता मनाई-हुकूम दिलेला होता, म्हणून सत्याग्रह तहकूब झाला, तरी मिरवणूक निघालीच. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. तळ्याचा खटला पुढे मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकालात निघाला.

तेव्हा दलित चळवळीला पदयात्रा परकी आहे, असे जे म्हणतात, त्यांनी आपला इतिहास पुन्हा वाचावा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, कुटुंबे रातोरात परागंदा झाली. त्यानंतर ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. वाटेत खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी तो अडवला, लाठीमार झाला, अटका झाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. अलीकडचे उदाहरण मार्च २०१८ चे. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या आदिवासी शेतकरी स्त्रियांच्या सोललेल्या तळपायांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्या वेळी मुंबईकरांनी पाणी दिले, चपला दिल्या. हेही दानच होते. पण चालणाऱ्या बायका ते मागायला आलेल्या नव्हत्या. त्या वनजमिनीचा हक्क मागायला आल्या होत्या.

म्हणजे कोण चालतो आणि कुणाच्या वतीने चालतो, हा खरा मुद्दा आहे. बोस्नियातले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे ठार केले गेले. जीव वाचवण्यासाठी पुरुषांची जी रांग जंगलातून निघाली होती, त्याच वाटेने, पण उलट्या दिशेने, २००५ पासून दरवर्षी जुलैत हजारो लोक तीन दिवस चालतात. नेझुक गावाहून निघून सुमारे १०० किलोमीटरवर पोतोचारीला ते पोहोचतात, आणि दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, नव्याने ओळख पटलेल्या अवशेषांचे तिथे दफन होते. पोतोचारी म्हणजे स्त्रियांना त्यांच्या पुरुषांपासून वेगळे काढले गेले ती जागा. ते चालणारे कुठलाही निसर्गरम्य मार्ग निवडत नाहीत. ज्यांच्यावर प्रसंग ओढवला, त्यांची वाट ते निवडतात.

‘संघर्षक्षेत्रातील स्त्रिया’ या शब्दप्रयोगाचाही खुलासा आवश्यक आहे. ज्याँ-पॉल अकायेसू या रवांडातील एका नगरप्रमुखाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी असे ठरवले की बलात्कार हे वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते. ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव करून युद्धातील स्त्रियांचे संरक्षण आणि शांतताप्रक्रियेतला त्यांचा सहभाग हे विषय पटलावर आणले. आपल्या देशात ३ मे २०२३ पासून मणिपूर पेटले, हजारो कुटुंबे मदत-छावण्यांत गेली. दुसऱ्याच दिवशी स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली गेली आणि देशाला ते कळायला चित्रफीत बाहेर येण्याची, म्हणजे १९ जुलैची, वाट पाहावी लागली. मणिपूर हे संघर्षक्षेत्र, हे आता सर्वांना मान्य आहे. पण २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी? सुरेखा भोतमांगे यांनी एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढे आरोपींना ओळखले, आणि त्याची किंमत म्हणून त्यांना, प्रियांकाला आणि दोन्ही मुलांना जिवे मारले गेले. न्यायालयाने शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा त्या प्रकरणाला लावला नाही. ते गाव कुणाच्या नकाशावर संघर्षक्षेत्र नव्हते.

(याच हरिहरेश्वराच्या किनाऱ्याला ऑगस्ट २०२२ मध्ये एक रिकामी नौका लागली. तिच्यात तीन रायफली सापडल्या आणि एका दिवसात सारा देश हादरला. पुढे कळले की ती वादळात सोडून दिलेली परदेशी नौका होती. तीन बेवारशी रायफलींना जेवढी तत्परता मिळाली, तेवढी एखाद्या वाडीतल्या फिर्यादीला मिळाल्याचे मी ऐकलेले नाही.)

मी मणिपूर आणि आपली खेडी एकच आहेत असे म्हणत नाही. युद्धग्रस्त स्त्रीला निदान छावणी असते. शत्रू सीमेपलीकडे असतो. आपल्या खेड्यातली स्त्री फिर्याद देऊन परत येते ती त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर, आणि उद्या मजुरी मागायची तीही कदाचित आरोपीच्याच शेतावर. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे मदतीचे स्वरूपही बदलते.

ती स्वतः किती चालते, हे आपण मोजत नाही. पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, तालुका, जिल्ह्याचे विशेष न्यायालय. एकेका तारखेला एकेक दिवसाची मजुरी बुडते. आमच्या घरात पहिली पदवी माझ्या वाट्याला आली. माझी आई आयुष्यभर चालली, पण तिला कुणी किलोमीटरमागे दहा रुपये लावले नाहीत. आता हे चालणे कायद्याने दखल घेतलेले आहे, ही गोष्ट कार्यकर्त्यांनासुद्धा पुष्कळदा ठाऊक नसते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यांतला नियम ११ सांगतो की पीडित व्यक्ती, तिच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांना तपासाच्या व खटल्याच्या ठिकाणी जाण्यायेण्याचे भाडे मिळाले पाहिजे. त्या दिवसांचा निर्वाह खर्च शेतमजुराच्या किमान वेतनाहून कमी असता कामा नये. स्त्री साक्षीदाराला आपल्या पसंतीचे माणूस सोबत नेता येते आणि त्याचाही खर्च मिळतो. ही रक्कम तत्काळ, फार तर तीन दिवसांत द्यायची आहे. याखेरीज अर्थसाहाय्य आहे. २०१६ च्या सुधारणेनुसार बलात्काराच्या प्रकरणात ५ लाख, सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात ८ लाख २५ हजार रुपये. त्यातला निम्मा भाग वैद्यकीय तपासणीनंतर, पाव भाग आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेला पाव खालच्या न्यायालयातला खटला संपल्यावर. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने तीन महिन्यांतून एकदा बसून याचा आढावा घ्यायचा असतो. ती बसते का, हे विचारायला कुणी जात नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे पहिले सांगणे असे की, वर्गणी मागण्यापूर्वी देणे मागा. आपल्या जिल्ह्यातल्या किती फिर्यादींना नियम ११ खाली भाडे मिळाले, किती जणींचे हप्ते अडकले, याचा माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. सरकारने द्यायचे ते आपण दानातून भरून काढले, तर सरकारचे ओझे हलके होते, बाईचा हक्क मात्र आपल्या उपकारात बुडून जातो.

तरीही पैसा लागतो, हे कबूल केले पाहिजे. हप्ता येईपर्यंतचे महिने, गाव सोडावे लागले तर खोलीचे भाडे, मुलीच्या शाळेचे पैसे, यांसाठी कुठल्याही नियमाची वाट पाहता येत नाही. त्यासाठी चालून निधी जमवण्यात गैर काहीच नाही. फक्त कायदा पाळावा. नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे हीच घेतात. गाझा, सुदान, अफगाणिस्तानातील भगिनींविषयी कळवळा असणे स्वाभाविक आहे, पण करसवलत घेणाऱ्या भारतीय न्यासाला आपला पैसा सामान्यतः देशातच खर्चावा लागतो. बाहेर पाठवायचा तर प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता हवी. मणिपूरच्या छावण्यांना ही अडचण नाही. निधीचे दोन भाग करून एक तिकडे आणि एक आपल्या जिल्ह्यातल्या फिर्यादींसाठी ठेवावा, ही एका विद्यार्थिनीची सूचना मला पटली.

फलकांबाबत एक ताकीद. बलात्कारपीडितेचे नाव वा ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. तेव्हा छातीवर कुणा दुर्दैवी मुलीचा चेहरा छापलेले सदरे घालून चालायचे नाही. शिवाय वस्तीतल्या बायका बरोबर याव्यात असे वाटत असेल, तर त्यांच्या बुडालेल्या मजुरीची तरतूद आधी करावी. नाहीतर ज्यांना सुटी परवडते तेच चालतील, आणि जिच्यासाठी चालायचे ती रोजावर राबत राहील.

वाट ठरली आहे: हरिहरेश्वर, म्हसळा, गोरेगाव, लोणेरे, दासगाव, महाड. रस्त्याने साधारण पाऊणशे किलोमीटर, चार दिवसांची चाल. २० मार्चला चवदार तळ्यावर मोठी गर्दी असते, राहायला जागा मिळत नाही, म्हणून डिसेंबर बरा, असे मुलींचे म्हणणे आहे. दासगाव ते महाड हे शेवटचे पाच मैल सर्वांनी एकत्र चालायचे. मुक्कामाच्या प्रत्येक गावी सभा नको, एक टेबल मांडायचे. त्यावर नियम ११ चा मराठी मजकूर आणि कोरे अर्ज ठेवायचे, लिहून द्यायला दोघीजणी बसतील. परवानगीचा अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला आहे. भाड्याचे पैसे न मिळालेल्या साक्षीदारांची यादी करण्याचे काम मात्र अजून अर्धेच झाले आहे, आणि त्यासाठी म्हसळा व माणगाव तालुक्यांत हिंडू शकतील अशी माणसे हवी आहेत.